घटस्थापना: माती, माळ, वात, कडाकणी... तपशील इथे लिहा

काळीमाती

सर्वपित्री जवळ आली की तेच प्रश्न सुरू होतात. माती किती, धान्य कुठलं, धान कुजलं का, दिवा रात्रीत शांत का झाला. या वेळी सगळं आधीच एका जागी लिहून ठेवू. कुळाचारावर वाद नको. घरात जे चालत आलंय तेच करा, इथे फक्त ते नीट कसं जमेल एवढं बघू. सुरुवात मातीपासून करतो.

शेतातली काळी माती म्हणतात ते बरोबर, पण ती एकटी वापरली की घोटाळा होतो. काळी माती पाण्याने फुगते आणि सुकताना वर पापुद्रा धरते. कोंब तो पापुद्रा झाकणासारखा डोक्यावर उचलतात आणि खाली वेडेवाकडे वाढतात. म्हणून तीन भाग माती आणि एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, दोन्ही गव्हाच्या चाळणीने चाळून. ताजं शेण अजिबात नको, त्याच्या उष्णतेने बी करपतं. एक फूट व्यासाच्या परडीला चार-पाच किलो मिश्रण पुरतं.

परडी बांबूची, आत पळसाची पत्रावळ. जादा पाणी निथळायला वाट हवी, प्लास्टिकच्या ट्रेला ती नसते. परडीखाली ताट आणि ताटाखाली पाट.

आधी दीड-दोन इंच मातीचा थर द्या. त्यावर मधोमध घट टेकवा आणि भोवती धान्य पेरा. धान्यावर जेमतेम अर्धा इंच चाळलेली माती भुरभुरवा. दाबू नका. एका परडीला सगळं मिळून १०० ग्रॅम धान्य खूप झालं. मूठमूठ ओतलं की दाण्यावर दाणा बसतो, आत हवा खेळत नाही आणि तिसऱ्या दिवशी आंबूस वास सुटतो.

गहू, जव, ज्वारी, बाजरी, साळ, मका यांपैकी जे असेल ते चालतं. गहू सगळ्यात भरवशाचा. मूग-हरभरा परंपरेने घालतात, घाला, पण चार-चार दाणेच आणि कडेला. कडधान्य भरपूर पाणी पिऊन फुगतं आणि कुजायला तेच आधी लागतं. आता न उगवणारं धान्य: तांदूळ (साळच हवी), कुठलीही डाळ, पॉलिश केलेली बार्ली, सोललेले पांढरे तीळ. दुकानातून बियाणं आणलंत आणि ते गुलाबी किंवा निळं दिसलं तर त्याला बुरशीनाशक लावलेलं आहे. ते घरात, देवापुढे, लहान मुलांच्या हाताशी नको.

गहू आदल्या रात्री सहा ते आठ तास भिजवा, मग निथळून पेरा. कोरडा पेरलात तर दीड-दोन दिवस मागे पडतो आणि नऊ दिवसांच्या खेळात तेवढे जड जातात. नीट जमलं तर तिसऱ्या-चौथ्या माळेला कोंब दिसतात आणि दसऱ्याला वीतभर धान उभं राहतं.

उंबरा

फ्लॅटमध्ये मातीचा घट ठेवला की फरशीवर ओघळ येतात. तांब्याचा कलश ठेवून भोवती माती घातली तर? बऱ्याच घरी तसंच दिसतं.

काळीमाती

@उंबरा, ज्या घरात कलशच आहे तिथे कलशच ठेवावा. पण पाण्याचा हिशेब बदलतो हे ध्यानात घ्या. मातीचा साधा, न रंगवलेला घट पाझरतो. आतलं पाणी हळूहळू भिंतीतून बाहेर येतं आणि भोवतालची माती आपोआप ओलसर राहते. पाणी घालायचं काम घटच करतो, म्हणून जुन्या घरांत वरून पाणी घालायची फारशी वेळ यायची नाही. तांब्या पाझरत नाही. मग सकाळ-संध्याकाळ पळीने किंवा फुलाने शिंपडावं लागतं, एका वेळी अर्धी वाटी पुरे, आणि तेही मातीवर, कोंबांच्या गाभ्यात नाही.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे बाजारातला रंगवलेला घट. लाल ऑइलपेंट, सोनेरी कडा, आरसे. दिसतो छान, पण रंगाने मातीची छिद्रं बुजतात आणि तो तांब्यासारखाच वागतो. घेणारा मात्र 'मातीचा आहे, पाझरेल' म्हणून निर्धास्त. साधा, न रंगवलेला घ्या. हौस असेल तर गळ्यावर हळदी-कुंकवाची बोटं ओढा. घेताना टिचकी मारून बघा: खणखणीत वाजला तर ठीक, भदभद वाजला तर तडा आहे.

नवा घट आदल्या दिवशी बादलीत बुडवून ठेवा. कोरडा घट पहिल्या दिवशी स्वतःच पाणी पितो आणि सकाळी भरलेला संध्याकाळी उतरलेला दिसतो, मग लोक घाबरून वरून ओततात. ओघळ ताटात येतील एवढं मोठं ताट घ्या, फरशीचा प्रश्न मिटला. पाणी गळ्यापर्यंत भरा. वर पाच विड्याची पानं आणि नारळ ठेवला की नारळ पुन्हा उचलायचा नाही असा बहुतेक घरी रिवाज, तेव्हा मधे भर घालायची तर पानांच्या फटीतून पळीने.

निरगुडी

धान पिवळं निघालं की घरात कुजबुज सुरू होते. अंधार हेच कारण ना?

काळीमाती

हो, दुसरं काही नाही. देवघराच्या कोनाड्यात उजेड पोचत नाही, मग कोंब उजेडाच्या शोधात लांब, नाजूक आणि पिवळे होतात. खिडकीजवळच्या घटाचं धान आखूड, जाड, हिरवं. दोन्ही निरोगी. दसऱ्याला टोपीत खोवायला पिवळ्याची शोभा जास्त, असं माझं मत. पांढरी कापसासारखी बुरशी मात्र जास्त पाण्याची खूण. दिसली की पाणी दोन वेळा चुकवा, तेवढा भाग चमच्याने काढून टाका, वर चिमूटभर हळद. मुंग्या लागल्या तर पाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. उंदरांना गहू आवडतो, रात्री परडीवर जाळी झाका, फक्त ती दिव्यापासून लांब.

तरवड

माळांचं लिहिते.

पहिली माळ बऱ्याच घरी विड्याच्या पानांची. पुढच्या घरच्या फुलांच्या: झेंडू, शेवंती, तिळाची फुलं, गोकर्ण, कारळ्याची पिवळी फुलं, आमच्या नावाचा तरवड. कारळा आणि तरवड नेमके याच दिवसांत फुलतात, म्हणून तर ते माळेत आले. आता शहरात नऊही माळा झेंडूच्या होतात. काही बिघडत नाही, पण गावाकडून कोणी येणार असेल तर पिशवीभर तरवड मागवून बघा. चार दिवस टिकतो आणि झेंडूसारखा चिकट होत नाही.

माळ मंडपीपासून (माळा बांधायला घटाच्या वर टांगलेली चौकट) घटापर्यंत पोचेल एवढी, खाली लोळू नये. तीन फुटांच्या माळेला मध्यम आकाराची ३५-४० झेंडूची फुलं लागतात. सुई देठाच्या बाजूने मधोमध घाला. पाकळ्यांतून आडवी ओवली तर फूल दुसऱ्या दिवशी फाटून गळतं. ओली फुलं ओवू नका. सकाळी आणलेली फुलं तासभर सुपात पसरून पाणी सुकू द्या, नाहीतर आतून काळी पडतात आणि आधीच्या माळेलाही बुरशी लावतात.

वजनाचं कोणी बोलत नाही. एक भरगच्च झेंडूची माळ पाव किलोच्या आसपास, रोज एक वाढत जाते. दोन खिळ्यांवर पातळ दोऱ्याने बांधलेली मंडपी सहाव्या-सातव्या दिवशी कलते, आणि कलते ती थेट घटावर. मंडपीला सुतळी किंवा नाडा, माळेला दुहेरी सुती दोरा. नायलॉन निसटतो, गाठ बसत नाही.

विड्याच्या पानांच्या माळेला दोरा देठाजवळच्या जाड शिरेतून घाला. पातळ भागातून ओवलं की पान सुकताना चिरतं.

वातसारणी

तरवडताई, एक जोडायचं राहिलं. सातव्या दिवशी पहिल्या चार माळा कागदासारख्या वाळलेल्या असतात आणि खालीच अखंड दिवा जळत असतो. दिवा मंडपीच्या खाली नकोच. बाजूला, माळेच्या उभ्या रेषेपासून किमान दोन हात दूर. पडदा, प्लायवूडची फळी, लटकती झालर यांच्याखालीही नको.

आता दिवा.

नऊ दिवस दिवा शांत होऊ द्यायचा नसेल तर आधी तो मोजून घ्या. नवरात्राच्या आठवडाभर आधी तीच समई, तीच वात, तेच तेल. १०० मिली तेल मोजून घाला आणि किती तास जळतं ते बघा. मध्यम जाडीची एक वात ताशी साधारण ८ ते १० मिली तेल पिते, म्हणजे दिवसाला २०० मिलीच्या आसपास, नऊ दिवसांना दोन लिटर. वात जाड केली की हा आकडा सहज दीडपट होतो. त्या मोजणीवरूनच कळतं की रात्री अकराला भरलेलं तेल सकाळी सहापर्यंत पुरेल की नाही. तुमच्या दिव्यात ५० मिलीच मावत असेल तर रात्री उठावंच लागणार, किंवा दिवा मोठा घ्यावा.

दिवा शांत होतो तो बहुतेक वेळा तेल संपून नाही, तेल खाली गेल्याने. वात तेल वर ओढते ते ठराविक उंचीपर्यंतच. तेलाची पातळी ज्योतीपासून दोन बोटं खाली गेली की ज्योत बारीक होते आणि वात स्वतःच जळायला लागते. म्हणून उथळ, पसरट पणती अखंड दिव्याला खोल वाटीपेक्षा बरी: तेल तेवढंच, पण पातळी हळू उतरते.

वात शुद्ध कापसाची. मिसळीच्या धाग्याची वात टोकाला वितळून मणी धरते, तो मणी तेल अडवतो. फुलवात नऊ दिवसांच्या कामाची नाही. सव्वा हाताची लांब वात घ्या, तेलात पूर्ण भिजवा, वेटोळं करून दिव्यात ठेवा आणि टोक जेमतेम अर्धं बोट बाहेर. जसजशी जळेल तशी चिमट्याने पुढे सारा. एकदम पुढे ओढली की ज्योत मोठी होते, काजळी उठते आणि भिंत काळी.

काजळी झाडताना दिवा जायची शक्यता सगळ्यात जास्त. आधी त्याच ज्योतीवरून एक निरांजन लावून बाजूला ठेवा, मग वातीला हात लावा. मूळ ज्योत गेलीच तर निरांजनावरून परत लावता येते, अखंडपणा मोडत नाही.

तिळाचं तेल उत्तम. शेंगदाणा, करडई चालतं. तूप घट्ट होतं, पहाटेच्या गारव्यात वात गुदमरते. 'पूजेचं तेल' लिहिलेल्या बाटलीवर घटक दिलेले नसतील तर घेऊ नका, कशाची मिसळ आहे कळत नाही आणि धूर फार. तेलात पाण्याचा थेंब गेला की दिवा तडतडतो, त्यामुळे पळी वेगळी ठेवा. पाणी शिंपडायची तीच पळी तेलात घालतात लोक.

उंबरा

आणि घराला कुलूप लावून दिवसभर बाहेर जायचं असेल तर?

वातसारणी

घरात माणूस नसताना उघडी ज्योत ठेवू नये. हे माझं ठाम मत आहे, कुणाला पटो न पटो. काचेची चिमणी असेल, दिवा वाळूच्या परातीत असेल, आसपास कापूस-कागद-कापड काही नसेल, तरी शेजाऱ्यांकडे किल्ली देऊन जा. नाहीतर अखंड दिव्याऐवजी दोन्ही वेळा दिवा लावायचा संकल्प करा. चिमणी घेताना खालून हवा आत यायला फट हवी. बूड ताटावर सपाट टेकलं की दिवा पाच मिनिटांत गुदमरतो, आणि लोक म्हणतात तेल वाईट.

पंचांगी

माळा मोजण्याबद्दल. नऊच माळा असा हट्ट धरू नका. तिथीची वृद्धी झाली की दहा माळा, क्षय झाला की आठ. २०२५ साली २२ सप्टेंबरला घट बसले आणि दसरा २ ऑक्टोबरला आला, म्हणजे दहा माळा झाल्या. तेव्हा 'एक माळ जास्त झाली, अशुभ का' असं विचारणारे पुष्कळ होते. अशुभ काही नाही, रोजची एक माळ हा साधा नियम. मात्र अशा वर्षी तेलाचा हिशेब दहा दिवसांचा धरावा. @वातसारणी, तुमच्या दोन लिटरवर २०० मिली चढवा.

घटस्थापना प्रतिपदेला सकाळी, मध्यान्हाच्या आत. अडचणीने प्रतिपदा हुकली तर तृतीयेपासून सात दिवस, पंचमीपासून पाच, सप्तमीपासून तीन असे पर्याय आहेत. पण मग धानाची उंची तेवढीच कमी, त्याला इलाज नाही.

आणि कृपा करून नऊ रंग इथे आणू नका. ते रंग वारावरून काढलेले आहेत. सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार निळा, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार करडा, रविवार केशरी. प्रतिपदेचा वार कळला की पहिले सात रंग घरबसल्या काढता येतात. हौस म्हणून नेसा, शास्त्र म्हणून नको.

तरवड

पंचांगी, दरवर्षी तुम्हीच रंग काढता आणि दरवर्षी तुम्हीच नको म्हणता. :)

परातभर

कडाकण्या. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर भागात घटावर कडाकण्या बांधतात, कुठे पाचव्या माळेला, कुठे सातव्या-आठव्या. खायला पुरीसारखी, पण पुरी नव्हे. फुगली तर चुकली.

दोन वाट्या मैदा (किंवा मैदा आणि कणीक निम्मी निम्मी), पाव वाटी बारीक रवा, दोन मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन, चिमूटभर मीठ. अर्धी वाटी साखर किंवा बारीक चिरलेला गूळ पाऊण वाटी कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून गाळून घ्या. त्या पाण्यात लागेल तसं घट्ट भिजवा, सगळं पाणी लागेलच असं नाही. पीठ पुरीपेक्षाही घट्ट हवं. ओल्या फडक्याखाली अर्धा तास.

पापडापेक्षा जरा जाड लाटा. काट्याने किंवा सुईने सगळीकडे टोचा, म्हणजे वाफ निघून जाते आणि फुगत नाही. दोरा ओवायचं भोक आता, कच्ची असताना, काठापासून एक बोट आत पाडा. तळल्यावर भोक पाडायला गेलात की तडकते. काठाला अगदी लागून पाडलंत तर टांगल्यावर फाटते. भोक पेनाच्या टोपणाएवढं, कारण तळताना आवळतं.

तेल आधी तापवा, मग आच मंद. मोठ्या आचेवर बाहेरून लाल आणि आत ओली राहते, संध्याकाळपर्यंत चामट. गूळ जास्त झाला तर कडाकणी तेलात विरते आणि तळाशी काळा गाळ बसतो, पुढच्या सगळ्या घाण्याला डाग. तळून झाल्या की उभ्या ठेवून निथळा, एकावर एक रचू नका. गार झाल्याशिवाय ओवू नका.

त्याच पिठाचे देवीचे दागिने, वेणी, फणी, करंडा करतात, तो फुलोरा. लहान आकार आधी काढून घ्या, ते लवकर करपतात.

निरगुडी

नेमक्या त्या दिवसांत परतीचा पाऊस असतो आणि टांगलेल्या कडाकण्या मऊ पडतात. उपाय?

परातभर

टांगलेल्या मऊ पडणारच, त्या देवीच्या. खायच्या वेगळ्या डब्यात. मोहन पुरेसं असेल आणि मंद तळली असेल तर दमट हवेतही दोन दिवस कुरकुरीत राहते.

ओसरी

उपासाबद्दल एकच गोष्ट, पण महत्त्वाची: भगर. दर नवरात्रात भगरीतून विषबाधेच्या बातम्या येतात. कारण बुरशी. पावसाळ्याच्या दमटपणात जुनी, सुटी भगर ओल धरते, त्यावर बुरशी वाढते आणि तिची विषद्रव्यं शिजवल्याने जातीलच असं नाही. पीठ झालं की धोका वाढतो, एक तर ओल लवकर धरतं आणि खराब दाणा डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून सुटी घेऊ नका. पाकीटबंद, तारीख बघून, आठवड्यापुरतीच. तयार पीठ टाळा. दाणे निवडून, धुऊन, सुकवून घरीच मिक्सरला फिरवा, लागेल तेवढंच. कडवट किंवा कुबट वास आला तर टाकून द्या. रात्रीची भगर सकाळी नको. खाल्ल्यावर चक्कर, उलटी, हातपाय थरथरणं असं काही झालं तर घरगुती उपाय न करता दवाखाना.

नऊ दिवस झेपत नसतील तर 'उठता-बसता' उपास आहेच, घट बसतो तो दिवस आणि उठायच्या आदला दिवस. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारून डोस ठरवून घ्यावा. साबुदाणा-बटाट्याने साखर चढते आणि न खाल्ल्याने उतरते, दोन्हीकडून अडचण.

हळकुंड

अष्टमीच्या महालक्ष्मीचं कोणी लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात. चित्पावनांकडे अष्टमीला संध्याकाळी तांदळाच्या उकडीचा मुखवटा करून पूजा आणि रात्री घागरी फुंकणं. मुखवट्याला अडीचशे ते तीनशे ग्रॅम पीठ पुरतं. पाणी पिठाइतकंच, उकड मोदकाच्या उकडीसारखी, गरम असतानाच तेलाच्या हाताने खूप मळायची. मळण कमी पडली की नाकाजवळ आणि हनुवटीखाली चिरा जातात. पंख्याखाली ठेवलात तरी जातात. काम चालू असताना ओलं फडकं झाकून ठेवा. चीर गेलीच तर ओल्या बोटावर पातळ उकड घेऊन लिंपा, कोरडं पीठ भरू नका.

घागर अरुंद तोंडाची, तांब्या-पितळेची. आधी धूप दाखवतात, धूर थोडाच हवा. तोंड भांड्याच्या आत घालून फुंकायचं नाही. खालचा ओठ काठाला टेकवून फुंकर आडवी, समोरच्या काठावर आदळेल अशी. बाटली वाजवतो ना, तसंच. श्वास घेताना तोंड बाजूला, नाहीतर धूर छातीत जातो.

खजिनदार

सोसायटी आणि मंडळांसाठी. घरच्या घटाला कुणाची परवानगी लागत नाही, मंडपाला लागते.

वर्गणी: नोंदणीकृत न्यास नसलेल्या मंडळाला लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. ती उत्सवाच्या आधी काढा आणि नंतर हिशेब द्या. पावतीपुस्तकावर अनुक्रमांक छापलेले हवेत. पुस्तकं कुणाला किती दिली त्याची वही ठेवा, नाहीतर शेवटी एक पुस्तक सापडत नाही आणि दोन वर्षं भांडण पुरतं.

आवाज: ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं, त्यातले नवरात्राचे दिवस कोणते ते त्या वर्षीच्या आदेशात बघा. 'नऊही रात्री बारापर्यंत' हे गृहीत धरून गरब्याचे पास विकू नका. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतात.

वीज: खरी जोखीम इथे. शेजारच्या खांबावरून किंवा कुणाच्या गॅलरीतून वायर ओढू नका, तात्पुरती जोडणी घ्या. बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारी कळ) बसवा. परतीचा पाऊस पडून गेलेला असतो, जमीन ओली, वर अनवाणी पोरं. पाचशे वॅटचे दहा हॅलोजन म्हणजे पाच किलोवॅट, २२ अँपिअरच्या आसपास. घरातली प्लगची वायर त्यासाठी नसते. एलईडी लावा, भार पाचाचा एकावर येतो. वायर सतरंजीखालून नेऊ नका, पायांखाली सोलते आणि तापलेली कळत नाही.

प्रसाद: एक किलो रवा, एक किलो साखर, पाऊण किलो तूप, अडीच लिटर दूध-पाणी. एवढ्यात शंभर जणांना द्रोणभर नाही, पण चमचाभर शिरा व्यवस्थित पोचतो.

पाटावरचा हत्ती

मंडळवाल्यांनो, रोज डीजेच हवा असं नाही, एक संध्याकाळ भोंडल्याला द्या. खर्च शून्य. पाटावर तांदळाने किंवा रांगोळीने हत्ती काढा, पाट मध्ये, भोवती फेर. वीस जणींच्या फेराला वीस फूट मोकळी जागा लागते. त्याहून जास्त जणी असतील तर एकात एक दोन फेर धरा, उलट दिशांनी. खिरापत झाकलेल्या डब्यात, आणि ओळखता येऊ नये अशी. वासावरून ओळखतात म्हणून वेलदोड्याचं काही नको. मेथीची शंकरपाळी, ओल्या नारळाची करंजी, भाजणीचे कडबोळे असलं काही आणा.

काळीमाती

दसऱ्याचं लिहून माझ्याकडून संपवतो.

घट हलवायच्या आधी धानाचा तुरा देवाला, मग घरच्यांना. धान उपटू नका, मुळांसकट मातीचा गोळा येतो. बुडाशी कात्रीने कापा. शेतकरी घरात कुठलं धान्य कसं उगवलं हे बघतात, ती घरगुती बियाणे-चाचणीच. त्याच वाणाचं, पेरायचंच बी घटात घातलं असेल तरच तिला अर्थ. किराण्यातल्या गव्हावरून रब्बीचा अंदाज बांधू नका.

घटातलं पाणी घरात शिंपडून उरलेलं झाडाला. माती कुंडीत घाला, मुळांसकट, महिन्याभरात खत होतं. निर्माल्याच्या माळा दोऱ्यातून सोडवून कंपोस्टमध्ये, दोरा वेगळा.

आणि सोनं. बाजारात आपटा म्हणून जे गठ्ठे येतात त्यात पुष्कळदा कांचन असतो. आपट्याचं पान लहान, लांबीपेक्षा रुंद, जाड, हाताला खरखरीत, मागून करडट. कांचनाचं पान तळहाताएवढं, पातळ. आपट्याचं झाड हळू वाढतं आणि दसऱ्याला फांद्याच्या फांद्या मोडून आणतात. देवाला दोन पानं पुरतात, दारोदार वाटायला गठ्ठा लागतो कशाला?

निरगुडी

वाटायला धानाचे तुरे दिले तर? एका परडीत कितीक निघतात.

काळीमाती

१०० ग्रॅममध्ये गव्हाचे दोन हजारांच्या वर दाणे असतात. निम्मे उगवले आणि दहा-दहा काड्यांची जुडी बांधली तरी शंभर घरं होतात. जुडी पांढऱ्या दोऱ्याने सैल बांधा, ओल्या फडक्यात गुंडाळा, संध्याकाळपर्यंत ताजी राहते.